पहिली बेटी, धनाची पेटी

(सुपेला येथे मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत केलेले भाषण)



या व्याख्यानमालेत आम्ही एक व्याख्यान द्यावे असा निरोप घेऊन मंडळाचे कार्यवाह घरी आले, तेव्हा आम्ही आधी नकारच दिला होता. आमची हयात केंद्र सरकारच्या कचेरीत टिपणे लिहिण्यात गेली. शिक्षण म्हणाल तर बी. ए., आणि तेही दुसऱ्या वर्गाच्या उंबरठ्यावर कसेबसे पाऊल टेकलेले. अशा माणसाने व्यासपीठावर उभे राहून आपणांस काय सांगावे? परंतु कार्यवाहांनी समजूत घातली. म्हणाले, "विषय तुमच्या मनाचा घ्या, पेन्शनचे नियम तेवढे नकोत." विषय आम्ही मनाचाच घेतला आहे. दुसरी अट मात्र पुरती पाळली जाईल असे वाटत नाही. त्याबद्दल त्यांची आधीच क्षमा मागतो.

विषय आहे घरातील थोरली मुलगी. ताई, माई, अक्का, दीदी, ज्या घरी जे नाव असेल ते घ्यावे. तिच्याकडून घर काय अपेक्षा करते, कधीपासून करते, आणि ती अपेक्षा तिला कोणी बोलून तरी दाखवतो काय, याविषयी आम्हांस थोडे बोलावयाचे आहे.

आपल्याकडे म्हण आहे, 'पहिली बेटी, धनाची पेटी'. बाळंतिणीच्या खोलीबाहेर ही म्हण आपण सर्वांनी ऐकली असेल. वास्तविक ही म्हण सांत्वनाची आहे. पहिला मुलगा झाला असता तर कोणी म्हण शोधत बसले नसते, पेढेच वाटले असते. मुलगी झाली, चेहरे किंचित उतरले, तेव्हा कोणी तरी वडीलधारी बाई पुढे होऊन हे वाक्य उच्चारते आणि मंडळी सावरतात. पण सांत्वनासाठी काढलेला शब्दही पुढे खरा करून घेण्यात आपण मागे राहात नाही. पेटी म्हणजे काय? तिच्यात इतरांनी ठेवावे आणि वेळ आली की इतरांनी काढावे. पेटीला स्वतःला काही लागत नाही असा सर्वांचाच समज असतो. आणि किल्ली तिच्याजवळ नसते, ती आईच्या नाही तर भावाच्या कनवटीला असते.

आता, ही गोष्ट पुण्यात किंवा अमरावतीत नाही काय? आहे, सगळीकडेच आहे. तथापि आपण जे मुलूख सोडून आलो, त्यांच्या घरी ती अधिक गडद झाली असे आमचे मत आहे. २ फेब्रुवारी १९५५ रोजी सोव्हिएत सरकारशी पोलाद कारखान्याचा करार झाला आणि भिलाईचे नाव देशाला कळले. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या ब्लास्ट फर्नेसचे उद्घाटन झाले. त्या चार वर्षांत आणि त्यानंतरही भंडारा, गोंदिया, नागपूर, वर्धा या बाजूची कितीतरी माणसे गाडीत बसून दुर्गला उतरली. लांबचा परदेश असा तो वाटलाही नसेल, कारण १९५६ पर्यंत नागपूर आणि दुर्ग एकाच प्रांतात होते. परंतु गाडीत बसताना प्रत्येकाने आपली बायको आणि मुले तेवढी बरोबर घेतली. आजी गावी राहिली. काकू, आत्या, विधवा मावशी, चुलतबहिणी, सगळ्या गावी राहिल्या. एकत्र कुटुंबात जे काम सहा बायकांत वाटले जात असे, ते येथे दोघींवर येऊन पडले. त्यातली एक आई. दुसरी कोण, हे आपणांस सांगावयास नको. नऊ वर्षांची मुलगी आजीच्या ठिकाणी धाकट्याला थोपटून निजवी, काकूच्या ठिकाणी पोळ्या लाटी, आणि आत्याच्या ठिकाणी आईची मनधरणीही तीच करी. एवढे सगळे नातेवाईक एका परकरात मावले होते.

आमचे वडील कारखान्यात नव्हते. एका ठेकेदाराकडे मुनीम म्हणून ते १९५८ साली येथे आले. त्यामुळे सेक्टरमधले क्वार्टर आमच्या वाट्यास आले नाही, आम्ही सुपेल्याचे. जी. ई. रोडच्या अलीकडे दोन खोल्या, पुढे पत्र्याची पडवी. टाउनशिपमध्ये राहणाऱ्यांना सुपेला म्हणजे बाजार. आम्हांस तेच गाव होते. आमची ताई १९५९ सालची. पहिली भट्टी आणि आमची ताई एका वर्षाच्या, असे वडील कौतुकाने सांगत आणि दोघींनाही विझू द्यायचे नाही असे पुढे जोडत. त्या विनोदाचा अर्थ पुढे फार वेगळा झाला. तिच्या पाठीवर १९६३ साली दादा, १९६६ साली धाकटी बहीण, आणि १९७० साली आम्ही.

१९७६ साली वडील अल्पशा आजाराने गेले. ठेकेदाराकडच्या नोकरीला पेन्शन नव्हती, प्रॉव्हिडंट फंडाचे कागद सापडले नाहीत. ताईने त्याच वर्षी अकरावी, म्हणजे तेव्हाची मॅट्रिक, उत्तीर्ण केली होती. तेरा दिवस झाले, गावाहून आलेले मामा-काका परत निघाले. त्या रात्री काय बोलणे झाले ते आम्ही सहा वर्षांचे असल्याने आम्हांस ठाऊक नाही. पुढे विचारले तेव्हा कळले की बोलणे असे झालेच नाही. चौदाव्या दिवशी ताईने केसांचा अंबाडा घातला आणि जवळच्या एका खाजगी शाळेत महिना नव्वद रुपयांवर शिकवायला गेली. कोणी तिला जा म्हटले नाही. कोणी जाऊ नकोसही म्हटले नाही.

सकाळी शाळा, दुपारी साड्यांना फॉल लावणे, संध्याकाळी शिकवण्या. रात्री आम्हां भावंडांची मराठीची शाळा. आमचे शिक्षण हिंदी माध्यमातले. तेथे देवनागरी होती पण 'ळ' नव्हता. आम्ही 'पोली' म्हणत असू आणि 'सकाल' लिहीत असू. ताईचा नियम असा, की रोज 'ळ' असलेले पाच शब्द लिहिल्याशिवाय ताट वाढायचे नाही. कावळा, फळा, आभाळ, पोळी, काळजी. आज आम्ही आपणांसमोर जे काही मराठी बोलत आहोत, ते त्या ताटाचे देणे आहे. मंडळाच्या या सभागृहात बसलेल्या अनेकांचे मराठी असेच कोणा ताईने राखलेले असेल, असा आमचा अंदाज आहे. आपल्या स्मरणिकांत अध्यक्ष-कार्यवाहांच्या याद्या वर्षवार छापलेल्या असतात. गणेशोत्सवात पडद्याआड एकविसाव्या मोदकाला पाकळ्या पाडणाऱ्या मुलींची यादी ठेवण्याची पद्धत कुठल्याच मंडळात नाही, आपल्याही नाही.

गावी पत्रे लिहिण्याचे कामही ताईकडे. आई सांगे, ताई लिही. काही वर्षांपूर्वी मामांच्या घराची आवराआवर झाली तेव्हा जुन्या आंतर्देशीय पत्रांची एक चळत आमच्याकडे आली. १९७६ सालच्या एका पत्रात आईच्या नावाने, ताईच्या वळणदार अक्षरात एक वाक्य आहे, "थोरलीची काळजी करू नये, ती समंजस आहे." आईने ते सांगितले, आणि सतरा वर्षांच्या मुलीने स्वतःविषयीचे ते वाक्य स्वतःच्या हाताने लिहून, पत्र चिकटवून, पोस्टाच्या पेटीत टाकले. समंजस हा शब्द आम्ही तेव्हापासून जपून वापरतो. आपल्या भाषेत तो मुलीच्या वाट्याला आला की पाठोपाठ काही तरी काम येते.

या विषयावर बोलताना एक नाव घेतल्यावाचून पुढे जाता येणार नाही. मास्टर दीनानाथ मंगेशकर २४ एप्रिल १९४२ रोजी पुण्यास वारले. वय अवघे ४१. मागे पत्नी आणि पाच मुले. थोरली लता, जन्म २८ सप्टेंबर १९२९, म्हणजे तिला तेरावे वर्ष लागलेले. तिच्या पाठच्या मीना, आशा, उषा, आणि सर्वांत धाकटे हृदयनाथ, ते अवघे साडेचार वर्षांचे. बळवंत संगीत मंडळीचे वैभव तोवर ओसरले होते. पुढे काय झाले ते जगास ठाऊक आहे असे आपण म्हणतो, परंतु जगास ठाऊक आहे ते गाणे. त्या गाण्यापूर्वीची पाच-सहा वर्षे पाहावीत. मास्टर विनायकांनी या कुटुंबास आधार दिला. 'पहिली मंगळागौर' या १९४२ च्या चित्रपटापासून लताबाई पडद्यावर छोट्या भूमिका करू लागल्या. चेहऱ्यावर रंग फासून दिव्यांसमोर उभे राहणे त्यांना मनापासून आवडत नसे, हे त्यांनी पुढे अनेकदा सांगितले आहे. तरीही त्या उभ्या राहिल्या, कारण घरी चूल होती. १९४५ साली मुंबई. १९४७ साली मास्टर विनायकही गेले. त्यानंतर गाडी, ध्वनिमुद्रण, पुन्हा गाडी. १९४९ साली 'महल' आला, तेव्हा त्या सुमारे वीस वर्षांच्या होत्या. शाळा अशी त्यांना कधी लाभलीच नाही. विवाह त्यांनी केला नाही. २००१ साली भारतरत्न झाल्या, आणि ६ फेब्रुवारी २०२२ रोजी गेल्या.

आम्हांस या चरित्रातील एक गोष्ट नेहमी विचारात पाडते. सबंध देशाने त्यांना 'दीदी' म्हटले. इतर थोर गायिकांना आपण बाई म्हणतो, देवी म्हणतो, बेगम म्हणतो. येथे मात्र घरातील थोरल्या मुलीचे नाव घरातून उचलून देशाने घेतले, आणि ते त्यांना शोभून दिसले. त्याच घरातील धाकट्या आशाताईंनी सोळाव्या वर्षी घरच्यांच्या मनाविरुद्ध लग्न केले, त्यापायी सोसलेही पुष्कळ, आणि पुढे स्वतःचे स्वतंत्र स्थान निर्माण केले. कोण बरोबर आणि कोण चूक हा प्रश्नच नव्हे. धाकट्यांना चुकण्याची मुभा असते, एवढेच आम्हांस म्हणावयाचे आहे. थोरली चुकली तर मागची चार जण वाऱ्यावर जातात, हे तिला वयाच्या तेराव्या वर्षी कळलेले असते. आणि हेही ध्यानात घ्यावे की लताबाईंजवळ तो गळा होता. ज्या हजारो थोरल्या मुलींजवळ गळा नव्हता, नुसते शिवणयंत्र किंवा टंकलेखनाची परीक्षा होती, त्यांनीही तेच केले. त्यांची तिकिटे निघाली नाहीत.

आपले बंगाली शेजारी येथे असतील तर त्यांना ऋत्विक घटकांचा १९६० सालचा 'मेघे ढाका तारा' आठवेल. फाळणीत उखडलेले कुटुंब, आणि त्याला कमावून खाऊ घालणारी नीता. सर्वांची कामे होतात, आणि तिला क्षय होतो. तमिळमध्ये के. बालचंदर यांनी १९७४ साली असाच एक बोलपट काढला, त्यावरून १९८२ साली हिंदीत 'जीवनधारा' निघाला. म्हणजे ही काही एकट्या मराठी घराची कथा नव्हे. जेथे घर उखडले, तेथे थोरली मुलगी खुंटा झाली. अलीकडे परदेशातील लोकांनी या प्रकाराला एखाद्या आजारासारखे नावही दिले आहे म्हणतात. 'जीवनधारा' आमच्या ताईने मैत्रिणीबरोबर पाहिला, आणि मध्यंतरातच उठून घरी आली. कारण विचारले तर म्हणाली, कुकर लावायचा होता.

त्याच १९८२ सालची एक गोष्ट सांगितल्याशिवाय आम्हांस हे व्याख्यान देण्याचा अधिकार पोचत नाही. त्या वर्षी ताईला नागपूरचे एक स्थळ आले. मुलगा बँकेत, माणसे बरी. ते लोक आमच्या पडवीत बसून पोहे खाऊन गेले, आणि आठ दिवसांनी होकाराचे पत्र आले. त्या रात्री आई, दादा, शेजारच्या काकू अशी मंडळी पत्र मध्ये ठेवून बसली होती. दादा एकोणीस वर्षांचा, अजून शिकत होता. आम्ही बारा वर्षांचे, कोपऱ्यात भूगोलाचा नकाशा रंगवीत होतो. कोणीच काही बोलेना. तेव्हा आम्ही मान वर करून विचारले, "ताई गेली तर माझी फी कोण भरणार?"

मंडळी हसली. ताईही हसली. मूल बोलले म्हणून हसण्यावारी गेले. दुसऱ्या दिवशी तिने आईला सांगितले की इतक्यात नको, धाकट्याची मॅट्रिक होऊ दे. आमची मॅट्रिक झाली. त्यानंतर धाकटीचे लग्न, त्यानंतर दादाचे. १९८३ साली ताई सरकारी शाळेत लागली होती. रविशंकर विद्यापीठाची बी. ए. तिने खाजगीरीत्या केली, आमच्यापेक्षा चांगल्या गुणांनी. पडवी पाडून घर बांधले ते तिच्या भविष्यनिर्वाह निधीतून. दारावरची पाटी वडिलांच्या नावाची होती, पुढे ती दादाच्या नावाची झाली. कोणी मुद्दाम तसे केले असे नव्हे. पाटी करणाऱ्याने नाव विचारले आणि जो दारात उभा होता त्याने आपले नाव सांगितले.

कोणी म्हणेल, ताईचा घरात केवढा दरारा! खरे आहे. आमच्या शाखा तिने ठरविल्या, धाकटीचे स्थळ तिने पारखले, दादाला पानतंबाखू तिने सोडायला लावली. घरातील प्रत्येक निर्णय तिचा होता, स्वतःचा सोडून.

आता थोडे नियम. कार्यवाहांनी कानांवर हात ठेवावेत. कचेरीत आमच्यापुढे जे कागद येतात त्यांत कुटुंबाच्या तपशिलाचा एक नमुना असतो. पत्नी, मुले, जन्मतारखा, विवाहित की अविवाहित. कुटुंब निवृत्तिवेतन मुलीला पूर्वी ठराविक वयापर्यंत किंवा लग्नापर्यंत, जे आधी होईल तोपर्यंत मिळे. ऑगस्ट २००४ च्या आदेशाने विधवा आणि घटस्फोटित मुलींना, आणि सप्टेंबर २००७ च्या आदेशाने अविवाहित मुलींना पंचविशीनंतरही ते मिळण्याची सोय झाली. फार चांगला नियम. शेकडो बायकांना त्याने भाकर दिली. परंतु त्यास अट आहे की ती मुलगी आईवडिलांवर अवलंबून असली पाहिजे, तिची स्वतःची मिळकत ठरलेल्या मर्यादेच्या आत असली पाहिजे. अट वाजवीच आहे, सरकारी तिजोरी आहे. मात्र जिच्यावर आईवडीलच अवलंबून होते, त्या मुलीसाठी नमुन्यात रकानाच नाही. आम्ही वीस वर्षे ते नमुने तपासले, आणि एके दिवशी एका मृत कर्मचाऱ्याची पंचेचाळीस वर्षांची मुलगी टेबलासमोर बसून म्हणाली, "साहेब, अवलंबून या शब्दापुढे मी काय लिहू? घर माझ्यावर होतं." आम्ही तिला 'नाही' लिहावयास सांगितले. नियमाप्रमाणे तेच बरोबर होते.

कायद्याचेही असेच आहे. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने, मृत्युपत्र नसेल तर, बापाच्या स्वकष्टार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतका वाटा दिला. एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला जन्मतः हक्क महाराष्ट्राने १९९४ साली दिला, तोही तोवर लग्न न झालेल्या मुलींना. तेव्हा मध्य प्रदेशात असलेल्या आपणांस तो ९ सप्टेंबर २००५ पासून, सबंध देशाबरोबर मिळाला. वडील त्या दिवशी हयात असोत वा नसोत, हा हक्क आहेच, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली स्पष्ट केले. याच्या कितीतरी आधी, १९८७ साली, कल्याणचा एक खटला त्याच न्यायालयापुढे आला होता. एका वडिलांनी आपल्या विवाहित, डॉक्टर मुलीकडून पोटगी मागितली होती. कायद्यात 'त्याचे आईवडील' असा शब्द आहे, म्हणजे ही जबाबदारी मुलाची, असे मुलीच्या बाजूने मांडले गेले. न्यायालयाने ते मानले नाही. ऐपत असेल तर मुलगी, मग ती विवाहित असली तरी, निर्वाह न करू शकणाऱ्या आईवडिलांना पोसण्यास बांधलेली आहे, असा निर्णय झाला. निर्णय योग्यच होता. आम्ही कारकुनी डोक्याने तारखा तेवढ्या शेजारी मांडून पाहतो. आईवडिलांना पोसण्याचे कर्तव्य १९८७ साली पक्के झाले, वडिलोपार्जित घरातील जन्मसिद्ध हक्क २००५ साली आला. अठरा वर्षांचे अंतर. आणि हक्क आल्यावरही हक्कसोडपत्रावर सही घेण्यासाठी साडी-चोळी घेऊन भाऊ दारात उभा राहातो, ते वेगळेच.

हे सारे आम्ही इतके दिवस का बोललो नाही आणि आज का बोलत आहोत, तेही सांगतो. आमची स्वतःची थोरली कन्या पुण्यास संगणकाच्या कंपनीत नोकरीला आहे. धाकटे चिरंजीव अभियांत्रिकीला. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या फीची वेळ आली, तेव्हा आम्ही कन्येला फोन केला आणि रक्कम सांगितली. विचारली नाही, सांगितली. तिने संध्याकाळी पैसे पाठविले. पुढच्या सहामाहीलाही तसेच. दिवाळीत ती घरी आली, फराळाची ताटे मांडली होती, आणि ती अगदी शांतपणे म्हणाली, "बाबा, मी नाही म्हणत नाही. फक्त हे कधी ठरलं, आणि ठरलं तेव्हा मी कुठे होते, तेवढं सांगा."

आम्हांस राग आला. खोटे का बोला? एवढे शिकविले, वाढविले, आणि ही हिशेब विचारते, असेच मनात आले. आमच्या सौभाग्यवतींनी डोळ्यांनी खूण केली म्हणून गप्प बसलो, आणि भाऊबीजेला ताईकडे गेल्यावर तक्रार सांगितली. वाटले, ती तरी आमची बाजू घेईल. ताई २०२१ साली निवृत्त झाली, आता शेजारच्या मुलांना फुकट शिकवते. ती वही तपाशीत होती. वही न मिटता म्हणाली, "पोरीनं विचारलं तर खरं. मला विचारायचं सुचलंच नाही."

मग आम्ही ते १९८२ सालचे वाक्य काढले. चाळीस वर्षे ते आमच्या घशात होते. म्हटले, ताई, त्या रात्री मी फीचे बोललो नसतो तर तुझा संसार झाला असता.

ताईने चष्मा काढला आणि ती हसू लागली. म्हणाली, "अरे, तुला काय वाटतं, तुझ्या फीसाठी मी ते स्थळ सोडलं? मला तो मुलगाच आवडला नव्हता. पोहे खाताना सारखा घड्याळ बघत होता. पण मला आवडला की नाही, हे कुणी विचारलंच नाही. माझा नकारसुद्धा तुम्ही लोकांनी आपल्या खात्यावर मांडून घेतला." थोड्या वेळाने म्हणाली, "त्याच्यानंतर भिलाईचाच एक होता. तो आवडला असता. पण तोवर मी समंजस झाले होते."

त्या दुसऱ्याविषयी आम्हांस काहीच माहिती नव्हती. अजूनही नाही. विचारले तेव्हा तिने वही पुन्हा उघडली.

घरी आल्यावर आम्ही चिरंजीवांच्या नावे बँकेतून शैक्षणिक कर्ज काढले. ते त्यांनी फेडावयाचे. कन्येला तसे कळविले. त्यानंतरच्या उन्हाळ्यात तिने मैत्रिणींबरोबर हिमाचलच्या सहलीचे पैसे भरले, आणि आम्हांस छायाचित्रे पाठविली. ती पाहताना आमच्या मनात एक वाक्य सुरू झालेच, की एवढ्या पैशांत. ते आम्ही पुरे केले नाही, पण सुरू झाले होते हे येथे नमूद करतो. कन्या आपल्या मनाने भावाला मदत करील की नाही, ते आम्हांस ठाऊक नाही. तिने ठरविल्यास ती सांगेल. दारावरच्या पाटीविषयी आम्ही दादाशी बोललो आहोत. दादाला ते पटले असे म्हणवत नाही; विचार करतो म्हणाला. पाटीवर अजून त्याचेच नाव आहे.

हे भाषण लिहून झाल्यावर आम्ही ते ताईला वाचावयास दिले, कारण तिच्या परवानगीवाचून ते येथे वाचणे बरे दिसले नसते. तिने ते शिक्षिकेच्या सवयीने लाल शाईचे पेन घेऊन वाचले. दोन ठिकाणी ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका काढल्या. आणि 'त्याग' हा शब्द चार ठिकाणी आला होता, तो चारही ठिकाणी खोडून वर 'काम' असे लिहिले. आम्ही वाद घातला नाही. ती वाक्ये पुढे आम्हांस जमेनात, म्हणून आम्ही ती गाळूनच टाकली.

ताई आज तिसऱ्या रांगेत बसली आहे. रविवार आहे, बाहेर बाजार भरला आहे, आणि कोथिंबीर संपायच्या आत आटप असे तिने येतानाच बजावले होते. मघापासून ती घड्याळाकडे पाहात आहे. तेव्हा येथेच थांबतो.